आईची चमकी उजवीकडे

अक्का,

परवा तुझ्या पुण्यानुमोदनाला चार माणसं बोलली आणि चौघांनीही एकच सांगितलं, की पंचशीलाताईंच्या पोटात काही राहायचं नाही. जे असेल ते तोंडावर. मी पहिल्या रांगेत बसून मान हलवत होते. धाकट्या बहिणीनं तिथे दुसरं काय करायचं असतं? पण मनात म्हणत होते, या लोकांना काय ठाऊक तुझ्या पोटाचं. एक गोष्ट तू दहा महिने पोटात ठेवलीस आणि ती घेऊनच गेलीस. तीच गोष्ट मीही तेवढेच महिने ठेवली होती, हे मला परवा संध्याकाळी कळलं.

तुला जाऊन पंधरा दिवस झाले. शेजारीपाजारी समजतात की सुजाता रडून रडून गप्प झाली आहे. खरं सांगू? मी फारशी रडलेच नाही. मला राग आलाय. गेलेल्या माणसावर रागावू नये म्हणतात. पण जिवंतपणी रागवायला तू एका जागी सापडायचीस कुठे? कायम मशीनवर वाकलेली, नाहीतर प्रिंटरच्या तोंडाशी. तेव्हा आता ऐकून घे. आता तुला कुठे जायची घाई नाही.

सुरुवात माझ्यापासून झाली होती, हे मी विसरलेले नाही. आमचे हे गेले तेव्हा तू विद्यानगरचं घर आणि कॉलेजात जाणारी लेक प्राची, दोन्ही शेजारणीच्या भरवशावर सोडून काचीगुड्याला माझ्याकडे येऊन राहिलीस. दाजी त्याआधीच गेलेले, त्यामुळे तुला ती वाट माहीत होती. तू समजूत घालायला आली नव्हतीस. तिसऱ्या आठवड्यात तू यांच्या कपाटातले शर्ट काढून पलंगावर टाकलेस आणि कात्री मागितलीस. मी तुझ्या हातातून शर्ट ओढून घेतला. तू म्हणालीस, कपाटात कसर लागण्यापेक्षा अंगावर घे. आई खाटेवरून बघत होती. ती फक्त एवढंच म्हणाली, की कॉलर वाया घालवू नका.

त्या गोधडीच्या मधोमध यांचा फोटो पाहिजे, हा हट्टही तुझाच. प्राचीच्या अभ्यासासाठी घेतलेला प्रिंटर तू रिक्षात मांडीवर घेऊन आलीस. खळ काढलेलं पांढरं सुती कापड कागदाच्या मापाच्या स्टिकरवर चिकटवायचं, कडेचे सगळे सुटे दोरे कापायचे, कारण एक दोरा जरी आत गेला तरी मशीन बंद, आणि मग कापड कागदासारखं मागून सरकवायचं. हे तू मोबाइलवर बघून शिकली होतीस. पहिला फोटो सुरेख उतरला. दुसऱ्या दिवशी तू तो पाण्यात बुडवलास आणि यांचा चेहरा निळा निळा होऊन बादलीभर पसरला. शाई साधी होती, कापडावर टिकणारी नव्हती. मी रडायच्या बेतात होते आणि तू म्हणालीस, "अशोकराव निळे झाले. बौद्धाच्या पोराला दुसरा कोणता रंग शोभतोय?" आई हसली. मग मीही हसले. हे गेल्यापासूनचं ते माझं पहिलं हसणं, आणि ते तुझ्यामुळे. हे मी कुणासमोरही कबूल करीन.

गोधडी पुरी झाली तेव्हा तू मागच्या कोपऱ्यात बोटभर लेबल शिवलंस. त्यावर छापलं होतं, 'सुजीसाठी, अक्काकडून'. त्या गोधडीवरचा एकूणएक धावदोरा माझा होता, पण तेव्हा मला काहीही खटकलं नाही. मी ते लेबल गालाला लावून झोपायची.

तुझ्या हातचा टाका म्हणजे काय होता ते आपल्या तिघींनाच माहीत. मशीनवर तू राणी, पण सुई हातात घेतलीस की संपलं. एक टाका आखूड, एक लांब, तिसरा भलतीकडेच. म्हणून तू हाताने फक्त लेबलच शिवायचीस, बाकी सगळं माझ्याकडे. आई ते लेबल डोळ्यांजवळ धरून विचारायची, "टाके घातलीस का जवारी पेरलीस, पोरी?" तू म्हणायचीस, उगवली म्हणजे झालं.

मग लोक विचारू लागले. कुणाची आई गेलेली, कुणाचे वडील, कुणाच्या सासूच्या साड्या पेटीत पडलेल्या. विद्यानगरच्या तुझ्या मागच्या खोलीत कापडांचे गठ्ठे रचले गेले. मी जामबागेच्या शाळेतलं ऑफिसचं काम आटोपून, बस बदलून तुझ्याकडे यायची. तू फोटो छापायचीस आणि तुकडे मशीनवर जोडायचीस. धावदोरा मी हाताने घालायची. लेबलावरचा मजकूरही मीच लिहून द्यायची, कारण तुला दोन ओळी जुळवायचा कंटाळा. तेलुगू गिऱ्हाईक आलं तर त्यांचा मजकूर तेच लिहून आणायचे. आपल्या मराठी लोकांना मात्र मीच लागायची. त्या वकिलांच्या घरची गोधडी आठवते? जुनं घराणं, तीन पिढ्या कोर्टात. नातवंडांपैकी कुणाला मराठी धड वाचता येत नव्हतं, पण लेबल मराठीतच हवं होतं. मी आजींविषयी चार ओळी लिहिल्या. त्यांच्या सुनेनं त्या माझ्याकडूनच वाचून घेतल्या आणि डोळे पुसले. मग खाली तू ठळक अक्षरात छापलंस, 'करणार : पंचशीला', आणि पुढे आडनाव.

आडनाव तू मुद्दाम घालायचीस. पहिल्यांदा मी विचारलं तेव्हा तू सुई ठेवून मला सांगितलं होतंस, ते मी विसरणार नाही. आई गावात असताना लोकांच्या वाकळा शिवायची. वरच्या आळीतल्या बायका जुनी लुगडी वाड्याच्या बाहेर ठेवायच्या, आई घेऊन जायची, आणि महिन्याने वाकळ नेऊन दिली की तिच्यावर पाणी शिंपडूनच ती आत घ्यायच्या. पांघरताना मात्र त्यांना काही आठवायचं नाही. "गावात किती घरांत आईच्या हातच्या वाकळा असतील, सुजे," तू म्हणालीस, "एकीवर तरी तिचं नाव हाय का? माझं राहणार. आडनावासकट राहणार. कपाट उघडलं की वाचतील." त्या दिवशी मला तुझा असा अभिमान वाटला की मी तिथल्या तिथे दोन सुया मोडल्या.

म्हणूनच तर बोचतं, अक्का. हे ज्या बाईला कळत होतं तिलाच शेजारी बसलेली बहीण दिसू नये? दिव्याखाली अंधार म्हणतात तो हाच. आईच्या वाकळांवर आईचं नाव नव्हतं म्हणून तू तळमळलीस, आणि माझ्या टाक्यांवर तुझं नाव सहा वर्षं छापत राहिलीस. कुणाची म्हैस आणि कुणाला उठबस. मला बोलता आलं असतं. पण तू थोरली. तू मला बोट धरून जामबागेच्या कॉलेजात नेलेलं, तिथल्या क्लार्कनं जातीचा दाखला टेबलावर फेकला तेव्हा त्याला तो उचलून हातात द्यायला लावलेलं. अशा बहिणीला लेबलावर माझं नाव घाल, हे कोणत्या तोंडानं सांगायचं? वाटायचं, एक दिवस हिच्याच लक्षात येईल. माणूस किती मूर्ख असतो.

मग आई गेली. अकरा वर्षं ती माझ्याकडे होती, त्यातली शेवटची तीन अंथरुणात. तू दर रविवारी यायचीस, येताना तिच्यासाठी मऊ फळं आणायचीस, तिचे पाय चेपायचीस, हे खरं. पण बाकीचे सहा दिवसही दिवसच असतात. शेवटी शेवटी तिचं नाक चमकीखाली सुजायचं. मी रोज सकाळी कोमट पाण्यानं ते पुसायची, खोबरेल लावायची, चमकी हळूच फिरवायची. काढून ठेवू का म्हटलं तर ती मान हलवायची. तुला तिचा तो जुना वाद ठाऊकच आहे. समोरच्या लक्ष्मम्मा तिला वहिनी मानायच्या आणि जन्मभर चिडवायच्या, की वदिना, तुझं नाक भलत्याच बाजूला टोचलंय. त्यांच्या बायका उजवीकडे टोचतात, आपल्या डावीकडे. आई म्हणायची, गाव सोडलं पण नाक नाही सोडलं. हैदराबादेत पन्नास वर्षं राहून तिला धड तेलुगू आलं नाही, आणि त्या लाल खड्याच्या चमकीनं आपली जागा सोडली नाही.

तिच्या पहिल्या स्मृतिदिनाला तिच्याच साड्यांची गोधडी करायची, हे आपण दोघींनी ठरवलं. निदान मी तरी तसं समजले. फोटो एकच धड होता, पेन्शनच्या कागदांसाठी स्टुडिओत काढलेला. डोक्यावरून पदर, दोन्ही खांदे झाकलेले, चेहरा समोर. त्या दिवशी मी शाळेतून आले तेव्हा तू फोटो छापून, जोडून, वरचा थर तयार ठेवला होतास. मी कच्चे टाके घालायला बसले. तिन्ही थर सारखे केले, आईच्या चेहऱ्यावरून हात फिरवला, आणि माझा हात थांबला. चमकी उजवीकडे होती.

कसं झालं ते मला लगेच कळलं. आदल्या दिवशी तू एका शाळेच्या टी-शर्टांचं काम केलं होतंस. त्याला इस्त्रीनं दाबायचा कागद लागतो, आणि त्या कागदावर चित्र उलटं छापायचं असतं, म्हणजे कापडावर ते सुलट उमटतं. थेट कापडावर छापताना मशीनमधली ती उलट छापायची खूण काढून टाकायची. तू विसरलीस. मी तर तुला हेच चिडवणार होते, की घे, मेल्यावर आईची तेलुगू बाई केलीस. वाक्य माझ्या ओठांवर आलं होतं. तेवढ्यात टेबलावर इस्त्री करून ठेवलेलं लेबल दिसलं. ते आदल्या आठवड्यातच छापलेलं असणार, म्हणून सुलट होतं. 'आईच्या साड्यांची गोधडी. करणार : तुझी लेक पंचशीला.' माझ्या गोधडीचं सोडलं तर एवढं एकच मराठी लेबल असं होतं, की ज्याचा मजकूर तू मला विचारला नाहीस.

मी विचारलं, "अक्का, लेक एकच?"

तू मशीनवरून मान वर केली नाहीस. "करणाराचं एकच नाव असतंय, सुजे. सगळ्या लेबलांवर तसंच हाय."

"आणि टाके?"

"टाके कोण वाचतंय? लोक लेबल वाचतात."

झालं. ओठांवरचं वाक्य मी गिळलं. तुला वाटलं असेल की मी रुसले. मी रुसले नव्हते. मी ठरवलं होतं. म्हटलं, लोक लेबलं वाचतात ना, मग लोक फोटोही बघतात. भर स्मृतिदिनाला, वंदना झाल्यावर, चारचौघांत कुणीतरी म्हणू दे, की पंचशीला, आईची चमकी कुणीकडे? मग बघू, करणाराचं नाव वाचायला कसं वाटतं ते.

तीन आठवडे मी त्या गोधडीवर बसले. इतका बारीक धावदोरा मी कधीच घातला नव्हता. आईच्या चेहऱ्याभोवती गोल गोल फिरत गेले, आणि प्रत्येक फेरीला ती चुकलेली चमकी नजरेखालून जायची. तू चहा घेऊन यायचीस, म्हणायचीस, सुजे, हात आहे का काय आहे तुझा. मी हूं म्हणायची. तेव्हा एकदा तरी मला लाज वाटायला हवी होती. ज्या नाकाला मी रोज तेल लावलं, त्याची चूक मी टाके घालून पक्की करत होते, आणि ते कशासाठी, तर तुझी फजिती बघायला. हे मी इथे लिहिते आहे, म्हणजे नुसत्या तुझ्याच तक्रारी करून मोकळी झाले असं व्हायला नको.

स्मृतिदिनाला तू गोधडी भिंतीवर लावलीस. माणसं येत होती, हात जोडत होती, जवळ जाऊन लेबल वाचत होती आणि तुझी पाठ थोपटत होती. एकालाही नाक दिसलं नाही. मला आशा होती लक्ष्मम्मांची. त्या काठी टेकत आल्या, अगदी समोर उभ्या राहिल्या, चष्मा पुसून बराच वेळ बघत राहिल्या. मग त्यांनी आईच्या गालावर हात ठेवला आणि म्हणाल्या, "अच्चम वदिनलागे उंदि." अगदी हुबेहूब वहिनीच. त्यांना काय वावगं दिसणार? जन्मभर त्या जिकडे चमकी असावी म्हणत होत्या, तिकडेच ती होती.

त्यानंतर माझे हात दुखायला लागले. मी तुला फोनवर तसं सांगितलं आणि तू बरं म्हणालीस. धावदोऱ्याचं काम तू कुठल्याशा मशीनवाल्याला दिलंस असं ऐकलं. विद्यानगरची बस मी सोडली. तू फोन करायचीस, जेवलीस का विचारायचीस. मी हो म्हणायची, तू जेवलीस का विचारायची. दहा महिने आपण दोघी एकमेकींचं जेवण विचारत राहिलो. कधी कधी तू फोन ठेवायच्या आधी थोडी थांबायचीस. मला वाटायचं, हिला धाप लागली असेल.

त्या मंगळवारी दुपारी प्राचीचा फोन आला, की मावशी, मम्मी उठत नाही. मी पोचले तेव्हा तू टेबलाशी खुर्चीतच होतीस, डोकं हातावर. इस्त्री प्राचीनं बंद केली होती, पण तिच्याखालच्या कापडाला पिवळा डाग पडला होता. डॉक्टरांनी काय झालं ते सांगितलं, मी ऐकलं आणि विसरले. डाग लक्षात राहिला. तू कधी एक कापड जाळलं नव्हतंस.

आता परवाचं. तुझ्या फोटोमागे प्राचीनं आईचीच गोधडी लावली होती. सगळे गेल्यावर ती घडी घालायला माझ्याबरोबर उभी राहिली, दोन टोकं तिच्या हातात, दोन माझ्या. आईचा चेहरा मधे आला आणि मला राहवलं नाही. म्हटलं, प्राची, तुझ्या आजीची चमकी डावीकडे होती. हा फोटो उलटा छापलाय. तुझ्या मम्मीला ते कधी कळलंच नाही.

प्राचीनं घडी घालायचं थांबवलं नाही. "मम्मीला मालूम होतं, मावशी. स्मृतिदिनाच्या दुसऱ्याच दिवशी. फोटो अल्बममध्ये ठेवताना बघितली ती. डोकं धरून बसली. मी बोलले, मावशीला फोन कर ना."

"मग?"

"नको म्हणाली. बोलली, सुजी रोज आईचं नाक पुसायची, तिला दिसलं नसंल होय? तिला बोलू दे. ती बोलली की बदलू."

तिनं कपाटाचा खालचा खण उघडून एक पाकीट माझ्या हातात दिलं. आत आईचा फोटो होता. कापडावर छापलेला, धुतलेला, इस्त्री केलेला, चारी कडा आत दुमडून कच्च्या दोऱ्यानं पकडलेल्या. चमकी डावीकडे. नुसता वरून बसवायचा आणि बारीक टाक्यांनी लावायचा, एवढंच काम शिल्लक. ते काम तू त्या मशीनवाल्याला का दिलं नाहीस हे मला विचारावं लागलं नाही.

मग मी काय केलं माहीत आहे? मी दुसरं पाकीट शोधलं. लाज सोडून शोधलं. खण पालथा केला, लेबलांचा डबा ओतला, प्राचीला कॉम्प्युटर लावायला सांगितला. तिनं सगळ्या फाइली उघडून दाखवल्या. आईचा सुलट फोटो होता, स्मृतिदिनाच्या दुसऱ्या दिवशीचा. लेबल मात्र एकच, तेच, 'तुझी लेक पंचशीला'. दुसरं नव्हतं. मला वाटलं होतं, कुठेतरी असेल. छापून, शिवायचं राहून गेलेलं. तुझ्याविषयी चांगलं लिहिता येईल असं काहीतरी. नव्हतं.

जखम मांडीला आणि मलम शेंडीला. नाक सुधारलंस, अक्का. मी गप्प आहे हे तुला कळलं होतं, मग का गप्प आहे हेही कळलं असणारच, तू एवढी भोळी कधीच नव्हतीस. एक फोन पुरला असता. सुजे, चमकी चुकली गं, ये आणि लाव. मी धावत आले असते. लेबलाचा विषयही काढला नसता, इतकी मी मूर्ख आहे. पण तुला मी आधी बोलायला हवी होते आणि मला तू. फोन ठेवायच्या आधी तू थांबायचीस ती धाप नव्हती, हे आता कळून काय उपयोग? तेरी भी चुप, मेरी भी चुप, आणि मधल्या मधे आईचं नाक दहा महिने भलत्या बाजूला.

काल मी गोधडी काचीगुड्याला घेऊन आले. आज सकाळी उजेडात बसून आईचा फोटो बसवला. जुन्यावर नवा, कडेनं असे टाके घातले की बोट फिरवलं तरी लागणार नाहीत. चमकी जागेवर आली. आईकडे बघितलं आणि मग मात्र मी रडले, तुझ्यासाठी की तिच्यासाठी ते नक्की सांगता येणार नाही.

दुपारी प्राचीचा फोन आला. म्हणाली, मावशी, नवीन लेबल छापू का? दोघींची नावं टाकते, तू फक्त कसं लिहायचं ते पाठव, मला मराठी नीट जमत नाही. पोर चांगली आहे. मी हो म्हटलं आणि ब्लेड घेऊन जुनं लेबल उसवायला बसले. म्हटलं, आता आईची लेक एकच उरली आहे आणि लेबलावर नाव तिचं नाही, तेव्हा हे निघालेलंच बरं.

तीन टाके उसवले. चौथ्याखाली ब्लेड घातलं आणि तो टाका नजरेला आला. आखूड. त्याच्या पुढचा लांब. त्याच्या पुढचा भलतीकडेच. एवढ्या मोठ्या गोधडीवर तुझ्या हातचे टाके तेवढेच होते, त्या बोटभर लेबलाभोवती. बाकी सगळी गोधडी माझी. ते उसवले असते तर दोऱ्याचे तुकडे हातात आले असते, आणि तुझ्या हातचं म्हणावं असं आईच्या अंगावर काहीच उरलं नसतं. टाके कोण वाचतंय, म्हणाली होतीस. मी वाचते, अक्का. दुसरं मला येतंच काय?

प्राचीला कळवलं की राहू दे. राग गेलेला नाही, तो तसाच आहे, आणि तू समोर असतीस तर आज तुला तो पुरा दाखवला असता. पण ती उसवलेली कड फडफडत होती, म्हणून सुईत दोरा ओवला आणि ते तीन टाके परत घातले. माझ्या हाताला ते जमेना. सरळच पडत होते. दोनदा काढले. तिसऱ्यांदा मुद्दाम हात वाकडा धरून घातले, एक आखूड, एक लांब, एक भलतीकडे, अगदी तुझ्यासारखे. आता कुणी निरखून बघितलं तरी ओळखणार नाही. लेबलाचे ते तीन टाकेही माझेच आहेत, आणि वर नाव तुझं आहे.